औषधदानाचा नवा हिशेब

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांमध्ये औषधदानाचा मान मोठा आहे. व्यापारानिमित्त गावोगावी स्थिरावलेल्या घराण्यांनी तो मान केवळ शब्दांत ठेवला नाही. बाजारपेठेच्या बहुतेक गावी एखादा धर्मार्थ दवाखाना, रुग्णालयातील एखादी खोली, प्रसूतिगृहाचा मजला किंवा दारी उभी असलेली रुग्णवाहिका या घराण्यांची साक्ष देते. दारावर संगमरवरी पाटी असते. तिच्यावर मातोश्रींचे किंवा वडिलांचे नाव कोरलेले असते आणि ते वाचताना पुढच्या पिढीचे मन भरून येते. यात अनुचित असे काहीच नाही.

परंतु एखाद्या धर्मादाय रुग्णालयाचा ताळेबंद जमाखर्चाच्या नजरेने वाचला, तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. इमारत हा भांडवली खर्च आहे. तो एकदाच करावा लागतो आणि त्यासाठी दाते सहसा मिळतात. परिचारिकेचा पगार, औषधांची खरेदी, विजेचे देयक, यंत्राची दुरुस्ती आणि खेड्यात जाणाऱ्या गाडीचे इंधन हा चालू खर्च. तो दर महिन्याला उभा राहतो आणि त्यासाठी कोणी पाटी लावीत नाही. दुकान थाटण्यास भांडवल मिळाले, पण माल भरण्यास व माणसे ठेवण्यास खेळते भांडवल मिळाले नाही, तर त्या दुकानाचे काय होते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. आरोग्यसेवेचेही तसेच होते. साधने तुटपुंजी असलेल्या देशात पैसा कोठे घालावा, हा प्रश्न म्हणूनच जीवनमरणाचा ठरतो. त्याचे उत्तर शोधण्यास वाई आणि पाचगणी यांच्यामधील घाटाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

घाटावरची हवा

एके काळी पाचगणी-महाबळेश्वरला जाणारा प्रवासी रेल्वेने वाठार स्टेशनवर उतरे, तेथून वाईला येई आणि पसरणीचा घाट चढून वर जाई. त्या प्रवाशांत जसे हवा खाण्यास निघालेले सुखवस्तू लोक असत, तसेच प्रकृतीसाठी निघालेले रुग्णही असत. राजयक्ष्मा, क्षय, कफक्षय अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या रोगावर तेव्हा औषध नव्हते. कोरडी स्वच्छ हवा, ऊन, पूर्ण विश्रांती आणि सकस अन्न एवढाच उपचार वैद्यकाजवळ होता. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणी येथे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम सुरू केले. तेच पुढे ‘बेल एअर’ म्हणून प्रसिद्ध झाले आणि कालांतराने रेडक्रॉसच्या व्यवस्थेखाली आले. घाटाच्या पायथ्याशी, वाईतही, अमेरिकन मराठी मिशनने रुग्णालय चालविले होते.

सांगली जिल्ह्यातही असाच प्रयत्न झाला. १८८९ साली हिंदुस्थानात आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. ते शस्त्रक्रियेसाठी इतके नावाजले की दूरदूरचे रुग्ण रेल्वेने मिरजेस येऊ लागले. बाहेरून तयार सहायक मिळत नाहीत हे ओळखून त्यांनी स्थानिक तरुणांना वैद्यकाचे शिक्षण देण्याची सोयही केली. क्षयरुग्णांसाठी पुढे सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान स्वतंत्र आरोग्यधाम निघाले आणि त्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडले.

या संस्थांनी असंख्य रुग्णांना आधार दिला, याविषयी शंका नाही. तथापि त्यांच्या मर्यादाही उघड होत्या. आरोग्यधामात महिनोन्महिने, कधी वर्षाहून अधिक काळ राहावे लागे. ज्याच्या घरी मागे दुकान पाहणारा भाऊ आहे, त्याला ते परवडे. हातावर पोट असलेल्या हमालाला किंवा विणकराला ते कसे परवडावे? शिवाय क्षयाच्या रुग्णांची संख्या एवढी अफाट होती की, देशातील सर्व आरोग्यधामांच्या खाटा मोजल्या तरी त्या अत्यंत अपुऱ्या ठरत. आणि औषधच नसल्यामुळे श्रीमंतीही पुरी पडत नव्हती. कमला नेहरू यांचा अंत १९३६ साली स्वित्झर्लंडमध्ये, उत्तम हवेच्या सान्निध्यात, याच रोगाने झाला.

मद्रासचा प्रयोग

१९४४ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. त्यामागोमाग पॅस हे औषध वापरात आले आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिडच्या गोळ्या उपलब्ध झाल्या. आयसोनियाझिड स्वस्त होते आणि तोंडाने घेता येत होते. तेव्हा एक मूलभूत प्रश्न पुढे आला. औषध हाती आल्यावर आरोग्यधामाची गरज किती उरते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम भारतात झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून १९५६ मध्ये मद्रास येथे एक केंद्र स्थापन केले. डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख होते. शहरातील गरीब वस्त्यांमधील क्षयरुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करण्यात आले. एका गटाला वर्षभर आरोग्यधामात ठेवले. त्याला खाट, विश्रांती, परिचर्या आणि चांगला आहार मिळाला. दुसऱ्या गटातील रुग्ण आपापल्या घरी राहिले. घरे दाटीची होती, जेवण अपुरे होते आणि त्यांपैकी पुष्कळांना काम करणे भागच होते. औषधे मात्र दोन्ही गटांना सारखीच देण्यात आली. घरी राहणारे रुग्ण ठरल्या दिवशी दवाखान्यात येऊन गोळ्या नेत आणि केंद्राचे कर्मचारी त्यांच्या घरी जाऊन औषध घेतले जाते की नाही, याची तपासणी करीत.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वैद्यकविश्वाला ते अनपेक्षित वाटले. घरी राहून बरे होणाऱ्यांचे प्रमाण आरोग्यधामातील रुग्णांच्या अगदी जवळ होते. घरी रुग्ण ठेवल्याने कुटुंबीयांना लागण होण्याचा धोका वाढल्याचेही आढळले नाही. रोग कळण्यापूर्वीच जो संसर्ग व्हायचा तो बहुधा होऊन गेलेला असे. औषध सुरू झाल्यावर त्याचे भय झपाट्याने ओसरे.

या निष्कर्षाचा अर्थ अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचा, तर एका आरोग्यधामाच्या बांधकामाचा व व्यवस्थेचा पैसा औषध आणि पाठपुरावा यांवर घातला असता त्यातून कितीतरी पट अधिक रुग्ण बरे होणार होते. गरीब देशाची क्षयरोगाशी झुंज शक्य आहे, असा भरवसा त्यामुळे जगाला आला. भारताने त्यावर आधारलेला राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये हाती घेतला. आरोग्यधामे हळूहळू सामान्य रुग्णालयांत रूपांतरित झाली किंवा बंद पडली.

मद्रासच्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि ती अधिक कठीण होती. औषध देणे सोपे. ते शेवटपर्यंत घेतले जाणे कठीण. खोकला थांबला, ताप उतरला, अंगात थोडी ताकद आली की रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. कामाची घाई असते आणि गोळ्यांचा कंटाळा आलेला असतो. तो उपचार सोडतो. अर्धवट राहिलेला उपचार म्हणजे थकलेले कर्ज. ते मिटत तर नाहीच, उलट वाढत जाते. रोगाचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात. पुढचा उपचार अधिक लांबतो, अधिक महाग होतो आणि यशाची खात्री कमी होते. म्हणून रुग्णाच्या उंबरठ्यापर्यंत नियमाने जाणारा माणूस हाच या सेवेचा खरा आधार ठरतो.

उंबरठ्यापर्यंत कोण जाणार?

या प्रश्नाचे उत्तर देण्यात महाराष्ट्राने जगाला वाट दाखविली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. खेड्यात डॉक्टर राहण्यास येत नाहीत, परिचारिकाही टिकत नाहीत, हा अनुभव त्यांनाही आला. तेव्हा त्यांनी गावातीलच स्त्रिया निवडल्या. त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या आणि पुष्कळ जणी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होत्या. त्यांना दर आठवड्याला बोलावून थोडे थोडे शिकविले. जुलाब झाल्यास मीठ, साखर आणि पाणी कसे द्यावे, गर्भवतीच्या अंगावर सूज दिसली तर काय समजावे, क्षयाचा व कुष्ठरोगाचा संशय केव्हा घ्यावा, असे ते शिक्षण होते. त्या भागातील बालमृत्यूंचे प्रमाण १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ होते. १९७६ पर्यंत ते ५२ वर आले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, परंतु गावोगावच्या त्या स्त्रियांचे कर्तृत्व त्याहून लहान नव्हते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत याच विचाराला शास्त्रीय कसोटीवर उतरविले. १९८६ साली त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. न्यूमोनियाने मरणाऱ्या बालकांचा श्वास मोजता यावा म्हणून आकडे न येणाऱ्या सुइणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधे साधन तयार केले. पुढे त्यांनी ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि तुलनेसाठी ४७ गावे नोंदणीखाली ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. त्यात खर्चाचाही आकडा होता आणि तो व्यापारी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका नवजात बालकामागे सुमारे ५.३ अमेरिकी डॉलर खर्च आला होता, आणि सेवा मिळालेल्या दर १८ बालकांमागे एक मृत्यू टळला होता.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ कार्यकर्ती नेमण्यात आली. गडचिरोलीची नवजात सेवा २०११ पासून देशभरातील आशांकडे सोपविण्यात आली. क्षयरुग्णाला औषध मिळते का, तो ते घेतो का, हे पाहणारी व्यक्तीही आज अनेक गावांत हीच असते. तिला ठरावीक पगार नसतो. केलेल्या कामाच्या प्रमाणात मोबदला मिळतो.

वाई तालुक्यातील अंतरे

नकाशात पाहिले तर वाई तालुका फार मोठा नाही. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे, खाजगी दवाखाने पुष्कळ आहेत, साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय फार दूर नाही आणि पुण्याचा हमरस्ता सुरूर फाट्यावर मिळतो. पण आरोग्यसेवेतील अंतर केवळ किलोमीटरांत मोजता येत नाही. धोम आणि बलकवडी धरणांच्या वरच्या अंगाला, जोर खोऱ्याच्या बाजूने, डोंगराच्या कुशीत वाड्या-वस्त्या आहेत. तेथील माणसाला वाईस यायचे, तर एसटीची वेळ साधावी लागते. दवाखान्यात रांग असते. तपासणीचा अहवाल दुसऱ्या दिवशी मिळणार असतो. म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते, बसभाडे जाते आणि सोबत आलेल्या माणसाचीही मजुरी बुडते. तपासणी सरकारी आणि विनामूल्य असली, तरी रुग्णाच्या बाजूने ती विनामूल्य नसते. हा न दिसणारा खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, आणि रुग्ण उशिरा येण्याचे ते एक मोठे कारण आहे.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस कामाला जात आली. एका खोलीत अनेकांनी राहणे, पाळ्यांनी झोपणे, डोक्यावरचे ओझे आणि अपुरे अन्न हे क्षयास पोषक असे वातावरण होते. शक्ती संपली की माणूस गावी परतत असे. आजही पुण्या-मुंबईहून गावी आलेल्या माणसाचा लांबलेला खोकला सहजपणे घेऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, भूक मंदावणे किंवा थुंकीत रक्त यांपैकी काही दिसल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी, हे वैद्यकाचे साधे सूत्र आहे.

अंतर कमी करण्यास यंत्रांचीही मदत होऊ लागली आहे. गोव्यातील एका कंपनीने तयार केलेले ‘ट्रूनॅट’ हे यंत्र बॅटरीवर चालते, वातानुकूलित प्रयोगशाळेवाचून काम करते आणि थोड्या तासांत क्षयाच्या जंतूंचे निदान करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्यास मान्यता दिली. प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेता येण्याजोगे हे साधन आहे. पण यंत्र ठेवले म्हणजे काम झाले असे नाही. त्यास लागणाऱ्या चिपा संपल्या किंवा तंत्रज्ञाची जागा रिकामी राहिली, तर तेही त्या संगमरवरी पाटीसारखेच शोभेचे होऊन बसते. येथेही प्रश्न पुन्हा चालू खर्चाशीच येऊन थांबतो.

शिध्याचे सामर्थ्य

मद्रासच्या प्रयोगाने औषध असेल तर अपुऱ्या आहारातही रुग्ण बरा होतो, हे दाखविले होते. त्याचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की, क्षयाच्या उपचारात अन्नाचा विचार मागे पडला. आरोग्यधामांनी हवेवर जो विश्वास ठेवला होता तो बाजूला पडला, आणि त्याबरोबर दूध-डाळींवरचा विश्वासही गेला. अलीकडच्या संशोधनाने ही चूक दुरुस्त केली.

झारखंडमध्ये ‘रेशन्स’ या नावाने झालेल्या अभ्यासात सुमारे २८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसे सहभागी होती. डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांपैकी पाचांतील चार जण कुपोषित होते. सर्व रुग्णांना औषधाबरोबर दर महिन्याला दहा किलोंचा शिधा मिळाला. त्यांतील निम्म्या भागातील रुग्णांच्या घरच्या माणसांनाही प्रत्येकी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ देण्यात आली. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी होता.

तांदूळ आणि डाळ! कोणत्याही किराणा भुसार व्यापाऱ्याच्या गोदामात असलेल्या या वस्तूंनी एका प्राणघातक रोगाचा प्रसार रोखला जातो, हे या अभ्यासाने सिद्ध केले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल समजते.

शासनाने रुग्णाच्या बँक खात्यात पोषणासाठी थेट रक्कम जमा करण्यास २०१८ मध्ये आरंभ केला. प्रारंभी ती महिन्याला ५०० रुपये होती; नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली. त्याशिवाय ९ सप्टेंबर २०२२ रोजी ‘निक्षय मित्र’ ही योजना सुरू झाली. तीत कोणतीही व्यक्ती, पेढी, मंडळ किंवा संस्था क्षयरुग्णांच्या पोषणाची जबाबदारी किमान सहा महिन्यांसाठी घेऊ शकते. मदतीस रुग्णाची संमती आवश्यक असते. प्रौढ रुग्णासाठी सुचविलेला मासिक शिधा असा आहे : तीन किलो धान्य किंवा भरडधान्य, दीड किलो डाळ, पाव किलो खाद्यतेल, आणि एक किलो दूधभुकटी अथवा सहा लिटर दूध अथवा एक किलो शेंगदाणे. शाकाहारी घराला संकोच वाटावा असे त्यात काहीच सक्तीचे नाही.

मुद्दल आणि व्याज

आता एक उदाहरण पाहू. एखाद्या कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ दहा लाख रुपये द्यायचे ठरविले. त्यातून रुग्णालयात एक खोली बांधता येईल. तीच रक्कम कायम निधी म्हणून गुंतविली आणि सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला सत्तर हजार रुपये हाती येतील. शिध्याचा, पिशवीचा आणि तो गावापर्यंत पोहोचविण्याचा खर्च महिन्याला सातशे रुपये गृहीत धरला, तर एका रुग्णाच्या सहा महिन्यांस चार हजार दोनशे रुपये लागतील. म्हणजे दरवर्षी सोळा रुग्णांचा पूर्ण उपचारकाळ त्या व्याजातून निघेल आणि मुद्दल शाबूत राहील. व्याजदर आणि भाव बदलतील, तसा आकडाही बदलेल. हिशेबाची रीत बदलणार नाही. शिवाय ज्या घराण्याचा व्यापारच धान्याचा आहे, त्यास हा शिधा खरेदीच्या भावात पडतो.

याचा अर्थ रुग्णालये बांधूच नयेत असा मुळीच नाही. अडलेली प्रसूती, मोतीबिंदू, मोडलेले हाड किंवा हृदयविकार यांचा उपचार घरी होत नाही. मिरजेचे नाव शस्त्रक्रियागृहामुळेच झाले. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९७६ मध्ये अवघ्या अकरा खाटांनिशी आरंभ केला आणि थोडक्या वेळात अधिकाधिक शस्त्रक्रिया करण्याची शिस्त बसवून, पैसे देणाऱ्या रुग्णांच्या बळावर गरिबांना विनामूल्य दृष्टी दिली. नगामागे थोडा नफा आणि उलाढाल मोठी, हे बाजारातील जुने तत्त्वच तेथे उपयोगी पडले. तात्पर्य एवढेच की, नवी इमारत उभारण्यापूर्वी जुनी इमारत पूर्णपणे चालते आहे का, हे दात्याने विचारावे. खाटा रिकाम्या असतील तर का आहेत? औषधे संपतात का? परिचारिका टिकते का? रुग्ण पहिल्या भेटीनंतर पुन्हा येतो का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की देणगी कोठे द्यावी, हे आपोआप ठरते.

दुकानातील माणूस

दानाचा आरंभ घरापासून करावा, तसा या कामाचा आरंभ दुकानापासून करता येतो. गोदामात पोती उचलणारा हमाल, माल पोहोचविणारा टेंपोचालक, दिवाणजी, घरी कामाला येणारी बाई ही सर्व माणसे व्यापारी कुटुंबाच्या रोजच्या सहवासातील. त्यांच्यापैकी एखाद्याला क्षय झाल्याचे कळले की पहिली प्रतिक्रिया बहुधा भीतीची असते. त्याला घरी बसविले जाते. रोजंदारी थांबते. घरात अन्न कमी पडते आणि उपचार नेमका तेथेच मोडतो. हीच गोष्ट ठाऊक असल्यामुळे पुष्कळ कामगार आजार लपवितात आणि खोकत खोकत कामावर येत राहतात. त्यातून मालकाच्या घरातील लहान मुलांनाही धोका पोहोचतो. म्हणजे भीतीपोटी केलेली कृती आपल्याच भीतीला खतपाणी घालते.

याउलट, आजार सांगितला तर नोकरी जाणार नाही, आरंभीचे काही आठवडे पगारी रजा मिळेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हलके काम देऊ, असा शब्द मालकाने दिला, तर कामगार वेळेवर तपासणीला जाईल. योग्य औषध नियमाने सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांपासून होणारा संसर्ग थोड्याच आठवड्यांत आटोक्यात येतो. नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतो आणि सरकारी केंद्रांत औषधे विनामूल्य मिळतात. मालकाला करावी लागणारी तोशीस थोडी आहे. त्यातून वाचणारे कुटुंब पूर्ण आहे.

क्षयाचे नाव घरच्यांना आणखी एका कारणाने नकोसे वाटते. मुलीचे लग्न ठरायचे असते. सोयरिकीत ही गोष्ट निघेल, या धास्तीने सुखवस्तू घरांतही निदान दडविले जाते आणि दूरच्या शहरात गुपचूप औषध घेतले जाते. पूर्ण उपचार घेऊन बरी झालेली मुलगी इतर कोणाही मुलीसारखी संसार करू शकते. ही गोष्ट समाजातील वडीलधाऱ्यांनी चारचौघांत स्पष्टपणे बोलून दाखविली, तर ती औषधाइतकीच उपयोगी ठरेल.

मदत देताना एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. शिध्याची पिशवी रुग्णाच्या हाती देतानाचे छायाचित्र काढून ते प्रसिद्ध करू नये. लहान गावात एका छायाचित्राने रुग्णाचे नाव सर्वतोमुखी होते, मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात, आणि पुढच्या महिन्यात तो माणूस शिधाही नेण्यास येत नाही, औषधही नेण्यास येत नाही. देणाऱ्याची कीर्ती रुग्णाच्या उपचाराला बाधक होत असेल, तर गुप्तदानाचाच मार्ग येथे शास्त्रशुद्ध ठरतो. शिधा आशा कार्यकर्तीमार्फत किंवा आरोग्य केंद्रातून, इतर कोणत्याही पिशवीसारख्या दिसणाऱ्या साध्या पिशवीत जावा. देणगीचा हिशेब मात्र चोख असावा : किती रुग्ण घेतले, किती जणांनी उपचार पूर्ण केला, कोणाचे वजन किती वाढले, आणि कोण मध्येच गळाला व का.

हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. व्यापारी आपल्या उधारीच्या वहीत कोणाचे येणे राहिले, हे दर महिन्याला पाहतो आणि वेळीच माणूस पाठवितो. क्षयरुग्णांच्या यादीतही तेच करावयाचे आहे. औषध नेण्यास कोण आले नाही, हे आठवड्याच्या आत कळले आणि त्याच्या दारी कोणी तरी आपुलकीने जाऊन उभे राहिले, तर तो माणूस परत येण्याचा संभव पुष्कळ असतो. पसरणीच्या घाटावर ज्यांना जाणे परवडले नाही, अशा रुग्णांना पूर्वी कोणताच मार्ग नव्हता. आज औषध आहे, शिध्याचे सामर्थ्य सिद्ध झाले आहे आणि दारापर्यंत जाणारी कार्यकर्तीही आहे. उणीव आहे ती सहा महिने न चुकता चालणाऱ्या आधाराची. वही नियमाने लिहिण्याची सवय असलेल्या घराण्यांना तो देता येण्याजोगा आहे. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा क्षयरोग केंद्राकडे चौकशी केल्यास निक्षय मित्र म्हणून नाव नोंदविता येते.